न वाजवलेलं कौल

एका गावात एकाच आढ्याखाली दोन चुली होत्या. आढं म्हणजे छपराच्या मधोमध जातं ते मोठं लाकूड. दोघा भावांनी समजुतीने वाटणी केली, घराच्या मध्ये एक भिंत घातली. अलीकडे धाकटी जाऊ राहायची, पलीकडे थोरली. भावांचं भांडण नव्हतं. जावांचंही नव्हतं. फक्त धाकटीला थोरलीचं सगळं दिसायचं.

थोरलीच्या तुळशीला मंजिऱ्या जास्त. थोरलीच्या अंगणात ऊन आधी येतं. थोरलीने शेंगदाण्याची चटणी कुटली तरी भिंतीअलीकडे धाकटी मुसळाचे ठोके मोजत बसायची आणि मनात म्हणायची, आज एवढी कशाला केली, कोण येणार आहे हिच्याकडे?

बाकी धाकटी हुशार होती. बाजारात तर तिचं नावच होतं. मडकं घ्यायला गेली की ते हातावर उचलायची, चार बाजूंनी टिचकी मारायची आणि कान लावून ऐकायची. खणखणीत वाजलं तर पक्कं भाजलेलं. बद्द वाजलं तर कच्चं, नाहीतर कुठेतरी चीर. कुंभार तिला लांबून बघूनच म्हणायचा, "आली बाई, आज मडक्यांची परीक्षा आहे." पण कच्चं मडकं तिला आजवर कुणी देऊ शकलं नव्हतं.

धाकटीला सात महिन्यांची लेक होती. नाजूक होती. थोडा गारवा लागला की छातीत कफ भरायचा, श्वास घुरघुरायचा, आणि मग आई रात्रंदिवस तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. गेल्या पावसाळ्यात, लेक पोटात असताना, घराच्या एका कोपऱ्यात छप्पर ठिबकत होतं. आता नेमका तिथेच पाळणा होता. हा पावसाळा लेकीला कोरड्यात काढायला मिळावा, एवढं एकच त्या आईला हवं होतं.

तिने शाकारणीसाठी गावातल्या म्हाताऱ्या बाबांना बोलावलं. पावसाआधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची आणि परत नीट बसवायची, ती शाकारणी. हे बाबा आधी छपरावर चढायचेच नाहीत. भर दुपारी घरात यायचे, दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगायचे आणि अंधारात गप्प बसायचे. मग जिथे म्हणून छप्पर फाटकं असेल, तिथून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडायचा. बाबा प्रत्येक कवडशावर चुन्याचं बोट टेकवायचे.

धाकटीच्या घरात अकरा बोटं उमटली.

बाबा म्हणाले, "पोरी, अकरा कौलं फुटलीत. कौलांखालची एक रीप कुजलीय, ती बदलू. बाकी छप्पर तुझ्या लेकीच्या लग्नापर्यंत बघायला नको. कौलं काळी पडलीत, पण भाजलेली आहेत. वाजवून बघ."

पण धाकटीचं लक्ष बाबांकडे नव्हतंच. दार उघडल्याबरोबर तिची नजर गेली ती थोरलीच्या छपराकडे. फाल्गुनात परगावचा एक ठेकेदार आला होता आणि मधल्या भिंतीलगतच्या दोन ओळी सोडल्या तर थोरलीचं सगळं छप्पर त्याने नवं करून दिलं होतं. लालबुंद. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. त्या लाल छपराला लागून धाकटीचं काळं छप्पर असं दिसायचं, की नव्या लुगड्याला जुन्याचं ठिगळ लावावं.

"अकराच?" ती म्हणाली.

"अकराच. जास्त कशाला सांगू?"

धाकटीला तो अकराचा आकडा अपमानासारखा लागला. थोरलीला सगळं नवं, आणि मला अकरा? ती बाबांना म्हणाली, की बघते, यांना विचारून सांगते. संध्याकाळी नवऱ्याला विचारलंसुद्धा. तो गाडीवान होता, दोघे भाऊ महिनोन्महिने गाड्या घेऊन बाहेर असायचे. त्याने बैलांपुढे वैरण टाकता टाकता एवढंच सांगितलं, की बाबांकडूनच करून घे. धाकटीने ते ऐकलं आणि सोडून दिलं. सकाळी तो गाडी जुंपून निघून गेला.

वैशाखात एक वळीव झाला. तासभर पडला आणि गेला. धाकटीकडे पाळण्याजवळ चार थेंब ठिबकले, तिने खाली तांब्या ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र तिला नवीनच दुःख झालं.

थोरलीने कुंपणावर गोधड्या वाळत घातल्या होत्या. एक नाही, दोन नाही, सात. धाकटी मनात म्हणाली, बघा, किती गोधड्या आहेत ते आम्हाला दाखवायला घातल्यात.

पुढचे दोन दिवस संध्याकाळी एखादी सर यायची आणि भिंतीपलीकडून पितळेची भांडी सरकवल्याचा आवाज यायचा. धाकटीला वाटलं, नवी भांडी घेतली वाटतं, मांडामांड चाललीय.

मग थोरली पडवीत गेरू कालवताना दिसली. आतल्या भिंतींना लावत होती. आता भिंतीही लाल का? छप्पर पुरलं नाही वाटतं?

आणि थोरलीचं दार, जे दिवसभर सताड उघडं असायचं, ते आता लोटलेलं असायचं. आधी धाकटी लेकीला कडेवर घेऊन सहज पलीकडे जायची. आता तिने ठरवलं, दार लावून बसण्याएवढी मोठी झाली असेल ती, तर मीही उंबरा चढणार नाही. आणि खरंच चढली नाही. एकदा जरी ती आत गेली असती आणि मान वर करून बघितलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हेवा माणसाला कुंपणाजवळ उभं करून ठेवतो, आत जाऊ देत नाही.

वळवानंतर आठ दिवसांनी तो ठेकेदार परत गावात आला. डोक्यावर छत्री, पायात करकरणाऱ्या वहाणा, मागे गाडीत पेंढ्याखाली रचलेली लाल कौलं. थोरलीच्या दाराशी क्षणभर थांबून तो थेट धाकटीच्या अंगणात आला.

"वहिनीसाहेब, मी खरं तर येणार नव्हतो," तो हळू आवाजात म्हणाला. "पण लाज वाटली मला. एका आढ्याखालची दोन घरं, एक राजवाड्यासारखं आणि एक... जाऊ द्या. आता माझ्याकडे भट्टीची खास कौलं आलीत. थोरल्या वहिनींना दिली त्याच्यापेक्षा एक हात वरची. त्यांना कळलं तर मला ओरडतील. हे तुमच्याआमच्यात राहू द्या."

त्यांच्यापेक्षा एक हात वरची. धाकटीला बाकीचं काही ऐकूच आलं नाही. तुमच्याआमच्यात राहू द्या, हे तर तिला मध खाल्ल्यासारखं लागलं.

तरीही सवय ती सवय. गाडीतलं एक कौल तिने उचललं, हातावर धरलं आणि टिचकी मारायला बोट वळवलं.

ठेकेदार हसला. "थोरल्या वहिनींनी नाही हो वाजवून बघितलं. त्या म्हणाल्या, माणसाच्या तोंडाकडे बघून कळतं. त्यांचा स्वभावच मोठा."

धाकटीचं वळवलेलं बोट तसंच राहिलं. मग तिने कौल गाडीत ठेवून दिलं. मडक्यासाठी अख्खा बाजार उभा करणारी ती बाई, डोक्यावरच्या छपरासाठी तिने एक टिचकी मारली नाही. कारण थोरलीने मारली नव्हती.

उलट ती म्हणाली, "जाऊबाईंच्या छपरात मधल्या भिंतीलगत दोन ओळी जुन्या राहिल्यात. काळ्या. माझ्यात तसं नको. एकही जुनं कौल राहायला नको."

"एकही राहणार नाही," ठेकेदार म्हणाला, आणि हे मात्र त्याने अगदी खरं केलं. थोरलीकडे त्या दोन ओळी घट्ट बसल्या होत्या, निघायला त्रास देत होत्या, म्हणून त्याच्या माणसांनी आळस करून सोडल्या होत्या. इथे त्याने तशा ओळीही पहारीने काढल्या.

सगळं मोल त्याने आधीच मागितलं, आणि रोख नसेल तर चांदी चालेल म्हणाला. धाकटीकडे चांदी होती ती लेकीच्या पायात. मामाने घातलेले घुंगरांचे वाळे. ते काढताना लेक हसत होती, तिला वाटलं आई गुदगुल्या करतेय. धाकटीने स्वतःला समजावलं, लेकीसाठीच तर करतेय.

दोन दिवसांत काम झालं. जुन्या कौलांचा कचरा तुम्हाला कशाला, मीच घेऊन जातो, असं म्हणून ठेकेदाराने ती सगळी काळी कौलं पेंढ्याखाली घालून नेली. धाकटी दिवसभर रस्त्यावर उभी राहून छप्पर बघत होती. थोरलीपेक्षा दोन ओळी जास्त लाल. म्हातारे बाबा काठी टेकत तिथून गेले. वर बघितलं, खाली बघितलं, काही बोलले नाहीत. धाकटीला वाटलं, यांनाही बघवत नाही.

मृगात नुसती भुरभुर झाली. आर्द्रा लागली त्या दिवशी सकाळी पाऊस सुरू झाला तो दुपार झाली तरी हलेना.

धाकटी चुलीपाशी होती. लेक पाळण्यात होती. लेकीला शिंक आली म्हणून आईने वळून बघितलं, आणि तिच्या हातातलं पीठ खाली पडलं. लेकीच्या पांढऱ्या झबल्यावर छातीपाशी लाल डाग होता. बघता बघता दुसरा पडला.  तिने लेकीला उचलून झबलं टराटरा फाडलं, अंग चाचपलं, तोंड उघडून बघितलं. कुठे जखम नाही, कुठे रक्त नाही. तेवढ्यात तिच्याच कपाळावर एक थेंब पडला. तिने बोटाने पुसून बघितला.

गेरू होता.

कच्च्या मातीची कौलं अर्धवट भाजून त्यावर गेरूचा हात मारला होता. आता गेरू धुऊन खाली येत होता आणि मागोमाग माती. भिंतींवरून लाल ओघळ चालले होते. अंथरूण भिजलं, लाकडं भिजली. धाकटी पाळणा घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरली. आधी एका जागी ठिबकायचं, आता एक जागा कोरडी नव्हती. लेकीच्या छातीत घुरघुर सुरू झाली होती.

म्हातारे बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. तिथपर्यंत लेकीला भिजवत न्यायची नव्हती. कोरडी जागा होती ती भिंतीपलीकडे. चार पावलांवर. पण ती चार पावलं म्हणजे थोरलीच्या दारात उभं राहून सांगायचं, की तुझं बरं आहे, माझं गळतंय. धाकटी उंबऱ्यावर थांबली. लेक खोकली. मग ती थांबली नाही.

थोरलीने दार थोडंसं उघडलं. लेकीकडे बघितलं, आणि मग पूर्ण उघडलं.

आत जमिनीवर पितळेची भांडी मांडलेली होती. घागर, परात, दोन पातेली, तांब्या. सगळ्यांत लाल पाणी टपटपत होतं. जुने ओघळ झाकायला गेरू लावलेल्या भिंतींवर ताजे ओघळ होते. वळवाच्या दिवसापासूनचं ते सगळं धाकटीने ऐकलं होतं, पाहिलं होतं, फक्त वेगळंच समजली होती. सात गोधड्या दाखवायला नव्हत्या घातल्या, वाळायला घातल्या होत्या.

मधल्या भिंतीलगत मात्र जमीन कोरडी होती. वर त्या दोन काळ्या ओळी होत्या. थोरलीने आपलं अंथरूण तिथून ओढून घेतलं, पलीकडून पाळणा आणून तिथे टांगला, लेकीला कोरड्यात गुंडाळलं आणि ओव्याने छाती शेकायला तवा ठेवला. 

मग धाकटी म्हणाली, "सांगितलं का नाही, जाऊबाई?"

"तू हसली असतीस."

धाकटीने विचार केला. "हसले असते," ती म्हणाली.

थोरली तव्याकडे बघत होती. "तो परत आला त्या दिवशी माझ्या दाराशी थांबला होता. म्हणाला, तुमचं गळतं हे गावाला सांगायचं असेल तर सांगा, हसतील तुम्हालाच. तरी मी तुझ्याकडे यायला निघाले होते. दोनदा उंबऱ्यापर्यंत आले. मग मनात आलं, माझंच एकटीचं का गळावं?" तिने कढत पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघितली आणि मग लेकीच्या छातीवर ठेवली. "ही मनात आली नाही बघ माझ्या. ही आली असती तर बोलले असते."

धाकटीला राग आला. खूप आला. पण तिने स्वतःच्या मनात बघितलं, तर तिथेही तेच होतं, फक्त उलट्या बाजूने. तिने खाली वाकून भरलेली परात उचलली आणि बाहेर ओतून आली.

लेक चार दिवस त्या दोन ओळींखाली झोपली. पाचव्या दिवशी तिचा श्वास मोकळा झाला.

त्याच दिवशी पावसाने उघडीप दिली आणि शेजारच्या गावची एक बाई रस्त्यावर येऊन उभी राहिली. ती वर बघत होती. धुऊन धुऊन रंग उतरला होता, तरी लांबून छप्पर अजून लालसर दिसत होतं. ती म्हणाली, की त्यांच्या गावात एक ठेकेदार आलाय, तो म्हणतो त्या दोन छपरांकडे बघून या. "पण लांबूनच बघा म्हणाला. जवळ जाऊन विचारू नका, त्या जावा हेवा करणाऱ्या आहेत, खरं सांगणार नाहीत."

थोरलीने लाजेने पदर पुढे ओढला आणि धाकटीला डोळ्यांनी खुणावलं, की राहू दे. धाकटीच्याही मनात आलं, कशाला सांगायचं? चार गावांत हसू होईल. आणि पाठोपाठ तिच्या मनात आलं, आमचंच का गळावं?

ते शब्द ओळखीचे होते. ते शब्द तिने चार दिवसांपूर्वी ऐकले होते, आणि त्या शब्दांमुळे तिच्या लेकीच्या छातीवर गेरू पडला होता.

"तुमच्या घरात लहान कुणी आहे?" तिने विचारलं.

"दोन नातवंडं आहेत."

"मग लांबून बघू नका. आत या."

तिने त्या बाईला दोन्ही घरांत फिरवलं. ओघळ दाखवले, भांडी दाखवली, फाडलेलं झबलं दाखवलं. थोरलीने काय केलं, आपल्याकडच्या ओळीतलं एक काळं कौल आणि पडलेलं एक लाल कौल आणून दिलं. "वाजवून बघा," ती म्हणाली. बाईने टिचकी मारली. एक खणखणलं. दुसरं बद्द वाजलं आणि बोटाखाली त्याचा टवका उडाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात ठेकेदार गाडी सोडून बसला होता, तर बायका एकेक करून आल्या. कुणी भांडल्या नाहीत. प्रत्येकीने एक कौल उचललं आणि टिचकी मारली. बद्द. बद्द. बद्द. गावभर तोच आवाज. ठेकेदार आधी हसला, मग म्हणाला की ही कौलं ओली आहेत, म्हणून अशी वाजतात. एका म्हातारीने विचारलं, "मग पावसात कोरडी राहणारेत का रे बाबा?"  छत्री तिथेच टाकून तो जो गेला, तो त्या बाजूला परत दिसला नाही.

तिथल्या धर्मशाळेच्या मागे गवताखाली काळी कौलं रचून ठेवलेली सापडली. कचरा म्हणून नेलेली. तो ती पुढच्या बाजारात पक्की जुनी कौलं म्हणून विकणार होता. तोवर परतलेल्या दोघा भावांनी गाड्या जुंपल्या आणि ती घरी आणली. बरीच वाटेत फुटली. लेकीचे वाळे मात्र गेले ते गेलेच. थोरलीने तिच्या पायांत काळा दोरा बांधला आणि बराच वेळ तो पाय हातात धरून बसली.

धाकटी स्वतः जाऊन म्हाताऱ्या बाबांना घेऊन आली. तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही बघितलं होतं. बोलला का नाही?"

"तू विचारलं असतंस तर बोललो असतो," बाबा म्हणाले. "न विचारता बोललो असतो, तर तुला वाटलं असतं म्हाताऱ्याचं काम गेलं म्हणून जळतोय."

 धाकटीला अगदी तसंच वाटलं असतं.

उघडीप मिळेल तशी शाकारणी झाली. कौलं कमी पडली तिथे बाबांनी यंदापुरतं गवत घातलं. शेवटी त्यांनी दोन्ही घरांची दारं-खिडक्या लावायला सांगितल्या. जावा आधी एका, मग दुसऱ्या घरात अंधारात शेजारी शेजारी बसल्या, लेक मधे. खूप वेळ बघितलं. जमिनीवर एकही कवडसा नव्हता.

बाहेर आल्यावर धाकटीने वर मान करून बघितलं. थोरलीकडे काळी कौलं चार-सहा जास्त गेली होती, तिच्याकडे गवत जास्त. तिच्या ते लगेच लक्षात आलं, आणि तिच्या लक्षात आलंय हे थोरलीलाही कळलं. "मोजलीस ना?" थोरली म्हणाली. धाकटी म्हणाली, "मोजली. पुढच्या वर्षी बघून घेईन." आणि दोघी हसल्या. पण त्या दिवसापासून मधल्या भिंतीत एक खिडकी झाली, आणि कुणाकडेही कामाचा माणूस आला, की आधी त्या खिडकीतून विचारलं जायचं, तुझ्याकडे याने कसं केलं गं?

लेक रांगायला लागली तेव्हा सगळ्यात आधी एक गोष्ट शिकली. वाटी दिसो, तांब्या दिसो, जे हाताला लागेल त्याला ती टिचकी मारायची आणि मान वाकडी करून ऐकायची.

तात्पर्य: दुसऱ्याचं छप्पर लांबून बघून आपलं काम कुणाला देऊ नये. आत जाऊन विचारावं, हातात घेऊन वाजवावं, आणि आपण फसलो असू तर लाज बाजूला ठेवून शेजारणीला सांगावं. ठेकेदार कच्ची कौलं विकतो ती आपल्या हेव्याच्या भरवशावर.